स्टेल्मुझेचा ओक: वठलेल्या खोडाची पालवी

लिथुएनियाच्या ईशान्य टोकाला, लाटव्हियाच्या सीमेलगत, झारासाई जिल्ह्यात स्टेल्मुझे नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या जुन्या जमीनदारी वाड्याच्या बागेत एक ओक उभा आहे. उंची सुमारे २३ मीटर, खोडाचा व्यास साडेतीन मीटर, जमिनीलगतचा घेर १३ मीटर. त्याला कवेत घ्यायचं तर आठ-नऊ माणसांना हाताला हात धरून उभं राहावं लागतं. युरोपातल्या सर्वांत वृद्ध ओकवृक्षांत त्याची गणना होते आणि १९६० सालापासून तो निसर्गस्मारक म्हणून संरक्षित आहे.

एवढं वाचून डोळ्यांपुढे एखादा डेरेदार, घनदाट सावलीचा वृक्ष उभा राहील. हा ओक तसा नाही. त्याच्या खोडाचा मोठा भाग कधीच वठून गेला आहे. आतला गाभा कुजून नाहीसा झाला, त्या जागी प्रचंड ढोली आहे. हिरव्या उरल्या आहेत त्या एका अंगाच्या काही फांद्या, आणि त्यांचा भार पेलायला माणसांनी आधार लावले आहेत. एकाच खोडावर मरण आणि पालवी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. या वृक्षाचं सगळं सौंदर्य, आणि बाल्टिक पुराणकथांशी असलेलं त्याचं खरं नातं, मला या शेजारात दिसतं. म्हणून एखादी कविता वाचावी तसा हा वृक्ष ओळीओळीनं वाचावासा वाटतो.

पहिली ओळ वयाची. हा ओक किमान १,५०० वर्षांचा असावा असं मानतात. काही अंदाज २,००० वर्षांपर्यंत जातात. नेमका आकडा कुणालाच देता येणार नाही, कारण झाडाचं वय ज्या वर्तुळांत लिहिलेलं असतं, त्यांतली सर्वांत जुनी वर्तुळं गाभ्यात असतात आणि इथे गाभाच उरलेला नाही. बालपण आणि तारुण्य यांची पानं मातीत मिसळून गेली, हाती आहेत ती उत्तरायुष्याची. दीड हजार वर्षांचा अंदाज धरला, तर हे रोप उगवलं तो काळ सहाव्या शतकाचा ठरतो. त्याच शतकाच्या आरंभी रावेन्नाहून राज्य करणाऱ्या थिओडोरिक राजाच्या दरबारातून बाल्टिक किनाऱ्यावरच्या एस्ती लोकांना अंबरच्या नजराण्याबद्दल आभाराचं पत्र गेलं होतं. पुढे लिथुएनियानं १३८७ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा हा ओक आठ-नऊ शतकांचा वृद्ध असेल. युरोपातलं ते शेवटचं बिगरख्रिस्ती राज्य होतं. जुन्या देवांचा अंमल आणि त्यांचा अस्त, दोन्ही ज्याच्या हयातीत घडले असं सजीव आज दुसरं कुठलं दाखवता येईल?

दुसरी ओळ जगण्याची. गाभा नसलेलं झाड जगतं कसं? ओकच्या खोडात मधलं लाकूड फार पूर्वीच निर्जीव झालेलं असतं. टॅनिननं भरलेलं ते कठीण लाकूड झाडाला खांबासारखा टेकू देतं, पण त्यातून रस वाहत नाही. मुळांकडून पाणी वर नेतात ती बाहेरच्या बाजूची कोवळी वर्तुळं. आणि नवं लाकूड जन्माला येतं ते सालीच्या अगदी खाली असलेल्या एका पातळ थरात. त्या थराची जाडी मिलिमीटरच्याही अंशात मोजावी लागते. दर वर्षी तो आतल्या बाजूला लाकडाचं एक नवं वर्तुळ घालतो. म्हणजे दीड हजार वर्षांच्या या वृक्षाचं जिवंत अंग नेहमीच ताजं, नुकतंच जन्मलेलं असतं. ते बाहेरच्या कडेला असतं, आणि ते अखंड आहे तोवर आतली पोकळी कितीही वाढली तरी वसंतात पानं फुटतात.

ढोलीही रिकामी नसते. वृद्ध ओकच्या पोकळीत लाकडाचा भुसभुशीत भुगा साचतो. युरोपीय संघाच्या कायद्यानं संरक्षण दिलेला एक दुर्मीळ भुंगेरा आपलं अळीपणाचं दीर्घ आयुष्य अशाच भुग्यात काढतो. वटवाघळं, पक्षी, बुरशी, शेवाळं यांचा संसार झाड जीर्ण झाल्यावरच भरभराटीला येतो. तरुण ओक जंगलाला सावली देतो. वृद्ध आणि पोकळ ओक जंगलाला घर देतो.

आता तिसरी ओळ, देवतांची. बाल्टिक लोकांचा मेघगर्जनेचा देव म्हणजे पेर्कूनास. लाटव्हियात त्यालाच पेर्कोन्स म्हणतात. रथात बसून आभाळातून जाणारा, अन्यायावर वीज टाकणारा, वसंतातल्या पहिल्या गडगडाटानं झोपलेल्या भूमीला जागं करणारा हा देव. तो गरजल्याखेरीज जमीन खणू-नांगरू नये, अशी श्रद्धा होती. ओक हा त्याचा वृक्ष. स्टेल्मुझेच्या ओकखालीही पेर्कूनासची पूजा होत असे, त्याला बळी दिले जात, असं दंतकथा सांगतात. मोकळ्या रानात उंच उभ्या असलेल्या ओकवर वीज पडताना लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं असणार. देवाचा आवडता वृक्ष कोणता? ज्याला तो पुन्हा पुन्हा स्पर्श करतो तो. आणि त्या देवाचा स्पर्श म्हणजे वज्राघात.

या नात्यातलं सारं नाट्य एका लोकगीतात उतरलं आहे. कोनिग्सबर्गचे प्राध्यापक ल्युद्विकास रेझा यांनी १८२५ मध्ये लिथुएनियन लोकगीतांचा पहिला संग्रह छापला, त्यात ते येतं. लाटव्हियन गीतांतही हीच कथा वेगवेगळ्या रूपांत भेटते. बाल्टिक कल्पनेत सूर्य ही स्त्री आहे, चंद्र पुरुष आणि पहाटेची चांदणी आणखी एक तरुणी. त्या चांदणीचं लग्न निघतं. पेर्कूनास घोड्यावर स्वार होऊन वेशीतून आत येतो आणि हिरव्या ओकवर घाव घालतो. ओकच्या अंगातून रक्त उसळतं. लग्नाच्या वस्त्रांवर, मुकुटावर त्याचे शिंतोडे उडतात. सूर्यकन्या रडत रडत तीन वर्षं वाळलेली पानं वेचते. मग ती आईला विचारते, हे डाग धुऊ कुठे? नऊ नद्या जिथे मिळतात त्या सरोवरात, असं आई सांगते. वाळवू कुठे? नऊ गुलाब फुलतात त्या बागेत. आणि घालू कधी? ज्या दिवशी नऊ सूर्य उगवतील त्या दिवशी.

या गीताची ताकद त्याच्या संयमात आहे. देवानं आपलाच वृक्ष का फोडला, हे गीत सांगत नाही. रेझांच्याच संग्रहातल्या दुसऱ्या एका गीतात चंद्र सूर्याला सोडून पहाटेच्या चांदणीच्या मागे लागतो आणि पेर्कूनास त्याला तलवारीनं दुभंगतो. त्या गीताच्या शेजारी ठेवून वाचलं की या घावामागे काही नैतिक संताप असावा असं वाटतं. पण इथे त्याचा उच्चारही नाही. रौद्र रस एका ओळीत येतो आणि निघून जातो. उरलेलं गीत त्यानंतरच्या आवराआवरीचं आहे: पानं वेचणं, कपडे धुणं, वाळवणं, पुन्हा अंगावर चढवणं. विश्वातली उलथापालथ एका मुलीच्या धुण्यावर येऊन थांबते, आणि करुण रस तिथे दाटून येतो. आईची उत्तरं पाहावीत. ती सांत्वन करत नाही, डाग पडलाच नाही असंही म्हणत नाही. ती स्थळ सांगते, वेळ सांगते, पण ते स्थळ आणि ती वेळ मानवी आवाक्यात नाहीत. नऊ सूर्य उगवण्याचा दिवस कधी येईल? आई मात्र तो येणार असं धरूनच बोलते. शोकाला वाट दाखवणारी, पण खोटा दिलासा न देणारी ही उत्तरं मोठ्या कवितेची आहेत.

आणि ओक? गीतात त्याचं रक्त वाहतं, म्हणजे तो देहधारी आहे. बाल्टिक लोकगीतांत ही कल्पना सर्वत्र पसरलेली आहे. लाटव्हियन गीतांत ओक हा भाऊ आणि लिंडेन ही बहीण. एग्ले या नागराणीच्या लिथुएनियन लोककथेत तर ही कल्पना परमोच्च बिंदूला पोचते. समुद्राच्या तळाशी राज्य करणाऱ्या नागरूपी झिल्विनासशी एग्लेचं लग्न होतं. तिला तीन मुलगे आणि एक मुलगी होते. ती माहेरी येते तेव्हा तिचे भाऊ तिच्या मुलांना छळून बापाला हाक मारायचं नाव विचारतात. थोरल्या मुलाचं नाव ओक. तो मार खातो, तोंड उघडत नाही. अ‍ॅश आणि बर्च हे धाकटे भाऊही गप्प राहतात. चिमुरडी अ‍ॅस्पेन मात्र भीतीनं नाव सांगून टाकते. भाऊ किनाऱ्यावर जाऊन त्या नावानं हाक घालतात आणि कोयत्यांनी झिल्विनासला मारतात. एग्ले येऊन नवऱ्याला हाक देते तेव्हा लाटांवर रक्ताचा फेस येतो. मग ती मुलांचे वृक्ष करते आणि स्वतः स्प्रूस होऊन उभी राहते. अ‍ॅस्पेनची पानं झुळूक नसतानाही थरथरतात, त्याचं कारण हे.

या कथेत ओकचा मोठेपणा त्याच्या उंचीत किंवा आयुर्मानात नाही. छळ होत असताना त्यानं आतली गोष्ट आतच ठेवली, यात त्याचं थोरपण आहे. स्टेल्मुझेच्या ओकसमोर ही कथा आठवली की त्याच्या मौनाला अर्थ येतो. त्याच्याजवळ जे सांगण्यासारखं होतं, ते आता त्याच्या पोटात नाही आणि कुणाला मिळणारही नाही.

इथून चौथी ओळ सुरू होते, आणि ती इतिहासाची आहे. बाल्टिक लोकांच्या जुन्या धर्माचाही गाभा असाच नाहीसा झाला. त्यांनी स्वतः लिहिलेला एकही धर्मग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. जे लिहिलं गेलं, ते बहुतांशी त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्यांनी. ट्यूटॉनिक सरदारांच्या पंथातला दुसबुर्गचा पीटर १३२६ च्या इतिवृत्तात लिहितो की प्रशियन लोक सूर्य, चंद्र, तारे, मेघगर्जना, पशुपक्षी यांना देव मानतात आणि त्यांच्या देवराया, शेतं व पाणवठे इतके पवित्र असतात की तिथे लाकूड तोडायला, नांगर धरायला किंवा मासे मारायला कुणी धजत नाही. त्यानं हे कौतुकानं लिहिलेलं नाही. तरीही त्याच्या नापसंतीतून एका समाजाचं निसर्गाशी असलेलं शिस्तबद्ध नातं स्वच्छ दिसतं.

दुसरी नोंद हेलावून टाकते. पुढे पोप झालेला एनेया सिल्व्यो पिकोलोमिनी यानं प्रागच्या येरोम नावाच्या धर्मोपदेशकाच्या तोंडून ऐकलेली हकिगत १४५८ च्या सुमारास लिहून ठेवली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला येरोम लिथुएनियात देवराया तोडत फिरला. एका राईत लोक बिचकत होते. एकानं धीर करून पवित्र वृक्षावर कुऱ्हाड उगारली, ती त्याच्याच नडगीवर बसली आणि तो कोसळला. येरोमनं त्याला उठवलं, लोकांना चेतवलं आणि अखेर ती राई पडली. त्यानंतर बायकांचा मोठा जमाव रडत रडत महाराजा विताउतासकडे गेला. देवाचं घरच पाडलं, आता पाऊस आणि ऊन मागायचं कुणाकडे, देवाला शोधायचं कुठे, अशी त्यांची तक्रार होती. प्रजा बिथरेल या भीतीनं विताउतासनं येरोमला परत बोलावलं.

त्या बायकांची नावं कुठेच नाहीत. त्यांच्या देवाचे विधी, मंत्र, कथा यांतलं काही पिकोलोमिनीनं टिपलेलं नाही. त्यांचा प्रश्न तेवढा शिल्लक आहे, आणि सहाशे वर्षांनीही तो जिवंत वाटतो. त्यात धर्माचं तत्त्वज्ञान नाही. शेतकरी बाईची रोजची गरज आहे, पाऊस आणि ऊन. गाभा नष्ट झाल्यावर सालीलगत जे उरतं, ते असं असतं.

पोकळी दिसली की ती भरण्याचा मोह होतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिमॉन ग्रुनाउ या भिक्षूनं प्रशियातल्या एका महान ओकचं वर्णन लिहिलं: हिवाळ्यातही हिरवा राहणारा वृक्ष, त्यावर तीन देवांच्या मूर्ती, एक तरुण, एक क्रुद्ध प्रौढ, एक दाढीधारी वृद्ध. चित्र इतकं रेखीव आहे की पुढची कित्येक शतकं ते पुस्तकापुस्तकांतून उतरत राहिलं. आजचे अभ्यासक मात्र त्याच्याकडे साशंकतेनं पाहतात, कारण ग्रुनाउनं पुष्कळ ठिकाणी आपल्या कल्पनेचीच भर घातलेली आहे. झाडांच्या बाबतीतही नेमकं हेच घडलं. विसाव्या शतकात बराच काळ वृद्ध झाडांच्या ढोल्या खरवडून सिमेंट-काँक्रीटनं भरत असत. वाऱ्यात झाड हलतं, काँक्रीट हलत नाही. सांध्यात ओल साचते आणि कुजणं चालूच राहतं. अमेरिकी वनवैज्ञानिक अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की झाड आपली जखम भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारतं, आणि ढोली खरवडताना माणूस त्याच भिंती फोडतो. ग्रुनाउचं तीन देवांचं चित्र हे माझ्या लेखी असंच काँक्रीट आहे. हेतू भरीव करण्याचा असला, तरी मूळ वस्तू त्यानं श्वास घेऊ शकत नाही.

याच लिथुएनियात एका दुसऱ्या ओकची गोष्ट आहे आणि ती शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. झेमैतिया प्रांतातल्या बियोताई इथे बाउब्लिस नावाचा अतिप्राचीन ओक होता. १८१२ साली तो तोडला गेला. त्या गावचे लेखक आणि पुराणवस्तूंचे संग्राहक दियोनीझास पोश्का यांनी त्याचा बुंधा आतून कोरून खोलीसारखा केला आणि त्यात पुस्तकं, शस्त्रं, जुन्या वस्तू मांडल्या. लिथुएनियातलं हे पहिलं संग्रहालय मानतात. तो बुंधा आजही छपराखाली जपलेला आहे. पोश्कांची तळमळ खरी होती. पराधीन देशात स्मृती टिकवण्याचा तो धाडसी मार्ग होता. तरीही दोन वृक्षांमधला फरक मनात राहतो. बाउब्लिसमध्ये भूतकाळ मांडून ठेवला आहे आणि त्यात नवं वर्तुळ पडणं थांबलं आहे. स्टेल्मुझेच्या ओकच्या पोटात दाखवायला काही नाही, पण त्याच्या कडेला दर वर्षी एक वर्तुळ पडतं.

स्टेल्मुझेत ओकच्या आसपास आणखी दोन वास्तू आहेत. एक १६५० साली बांधलेलं लाकडी चर्च. करवत आणि लोखंडी खिळे न वापरता केवळ कुऱ्हाडीनं घडवलेलं, अशी त्याची ख्याती आहे आणि आतलं लाकडी कोरीवकाम अतिशय देखणं आहे. दुसरी वास्तू म्हणजे एक मनोरा, जिथे जमीनदार आपल्या वेठबिगार कुळांना कोंडून शिक्षा करत. जुन्या देवाचा वृक्ष, नव्या देवाचं घर आणि माणसानं माणसाला कोंडण्याची जागा, तिन्ही एका गावात. या शेजारामुळे ओककडे केवळ भाविकपणे पाहता येत नाही. त्याच्या सावलीत पूजा झाली असेल, तसाच तिथून जवळच छळही झाला. ज्यांनी त्याच्या दंतकथा जिवंत ठेवल्या, त्या तोंडांपैकी पुष्कळ त्या वेठबिगार कुळांच्याच घरातली असणार. कागद धन्याकडे होता, गाणं त्यांच्याकडे होतं.

म्हणूनच बाल्टिक वारशाचा जिवंत थर शोधायचा तर तो ओठांवर शोधावा लागतो. लाटव्हियात क्रिश्यानिस बारोन्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्यापाड्यांतून आलेली चार-चार ओळींची गाणी चिठ्ठ्यांवर उतरवून घेतली आणि त्यांच्यासाठी खणाखणांचं एक खास कपाट करून घेतलं. १८९४ ते १९१५ या काळात छापलेल्या त्यांच्या संग्रहात दोन लाखांहून अधिक गीतं आहेत. त्यांतली असंख्य बायकांनी जपलेली होती. जूनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला लाटव्हियन पुरुष आजही डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट घालतात. लिथुएनियात मुलाचं नाव ओक ठेवतात. १९८९ मध्ये, सोव्हिएत सत्ता अजून उभी असतानाच, राष्ट्रीय जागृतीचे अग्रणी योनास बासानाविचुस यांच्या जन्मगावी, ओझ्काबालाई इथे, लोकांनी ओकची राई लावायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी देशानं स्वातंत्र्याची पुनर्स्थापना जाहीर केली. ज्या देशात पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी राया तोडून नवं युग सुरू झालं होतं, तिथे या वेळी नव्या युगासाठी राई लावण्यात आली. त्या राईतली झाडं पेर्कूनासच्या पूजेसाठी लावलेली नव्हती. तरी आपलं म्हणणं मांडायला लोकांना ओकच जवळचा वाटला, हे पुरेसं बोलकं आहे.

संरक्षित वृक्ष म्हणजे काय, हे मला स्टेल्मुझेच्या ओकमुळे अधिक नीट कळतं. त्याला तरुण करता येत नाही, त्याचं हरवलेलं लाकूड परत आणता येत नाही. त्याच्या फांद्यांना टेकू देता येतो, मुळांभोवतीची माती पावलांनी दडपली जाणार नाही हे पाहता येतं, आणि जो पातळ थर अजून काम करतो आहे त्याला इजा होऊ न देणं एवढं साधता येतं. ढोली ढोलीच राहू द्यावी लागते. पुराणकथांच्या वाचकाचंही कर्तव्य याहून वेगळं नाही. पेर्कूनासच्या मंदिराचा आराखडा आपल्याला मिळणार नाही आणि तो मनानं रचण्याचीही गरज नाही. सूर्यकन्येचं धुणं, विताउतासच्या दारात आलेल्या बायकांचा प्रश्न, मार खाऊनही न बोललेला एग्लेचा थोरला मुलगा, एवढं आपल्या हाती अस्सल आलेलं आहे. ते बारकाईनं वाचलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, तर हा वारसा वाढत राहील. दीड हजार वर्षं जगलेल्या वृक्षाला याहून जास्त काही लागलेलं नाही.